यादीच्या मागची बाजू

समुपदेशक बाईंच्या घरात पाठकोरा कागद फेकून देणं हे पाप होतं आणि त्या पापावर सासूबाईंची नजर असे. एका बाजूला काही लिहिलेलं आणि दुसरी बाजू कोरी, असा कागद दिसला की तो चिमट्याला लागायचा आणि चिमटा स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. निरोप, दुधाचे खाडे, किराणाच्या याद्या, सगळं त्यावर. बाईंनी एकदा मोठ्या हौसेने नवी वही आणून दिली होती. सासूबाईंनी ती "चांगली आहे" म्हणून कपाटात ठेवली. अजून चांगलीच आहे.

बाईंचं काम बाहेरच्या खोलीत चालायचं. माणसं येत, खुर्चीत बसत, पोटातलं ओठावर आणत. बाई हाताने कच्चं टिपण काढत, संध्याकाळी ते कॉम्प्युटरवर नीट उतरवत आणि कच्चा कागद टोपलीत टाकत. ती टोपली रिकामी कोण करतं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय हे बघण्यात जन्म गेला की असं होतं.

मग एका सकाळी कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांचा मेसेज आला. "मॅडम, यादीप्रमाणे सामान पाठवलंय. साबण दुसऱ्या कंपनीचा आहे. मागची बाजू वाचली. गुरुवारी येत नाही."

किराणावाले दर गुरुवारी बाईंच्या खुर्चीत बसायचे. दोघा भावांचं दुकान. थोरला गेला आणि धाकट्याने शटर खाली ओढलं, ते कितीतरी दिवस वर केलंच नाही. जेवण नाही, झोप नाही. बाईंकडे यायला लागले तेव्हा कुठे शटर आधी अर्धं आणि मग पूर्ण उघडलं. आता ते यायचे थांबले तर शटर पुन्हा खाली येणार, हे समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. बाई तडक स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेल्या.

"आई, किराणाची यादी कशावर लिहिलीत?"

"कागदावर."

"कुठल्या?"

"तुझ्या टोपलीतल्या. चांगला जाड होता."

"अहो, पण मागे काय लिहिलंय ते तरी बघायचं!"

"मी कशाला बघू? लोकांचं वाचू नये," सासूबाई म्हणाल्या.

हे बरोबरच होतं, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

बाईंनी किराणावाल्यांना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. बंद होता. मग बाईंनी, सुशिक्षित माणसं घाबरली की जे करतात तेच केलं. त्या खरेदीला निघाल्या. कागद बारीक करणारं मशीन, श्रेडर, घ्यायचं ठरलं. बैल गेला नि झोपा केला, हे त्यांना वाटेतच आठवलं, पण तोवर दुकान आलं होतं.

मशीनवाला अघळपघळ माणूस होता आणि त्याचा एक गाल सुजलेला होता. त्याने तीन मशीनं मांडली. पहिलं कागदाच्या लांब पट्ट्या करायचं. दुसरं उभंआडवं कापून तुकडे करायचं. तिसरं सरळ चुरा पाडायचं, आणि त्याची किंमत ऐकून बाईंनी खुर्ची मागितली.

"पट्ट्यांचं घेऊन जा. घरी एवढं पुरतं," मशीनवाला म्हणाला.

"पण कुणी त्या पट्ट्या जुळवल्या तर?"

"ताई, एवढं रिकामं कोण असतं?"

बाईंना घर आठवलं. "तिन्ही मशीनांत एकेक कागद घालून द्या," त्या म्हणाल्या. "नमुना म्हणून नेते."

मशीनवाल्याने गल्ल्याजवळच्या रद्दीतून कागद उचलले आणि तीन पिशव्या भरून दिल्या. बाईंनी त्या सासूबाईंपुढे ठेवल्या आणि जमतंय का बघा म्हणाल्या. सासूबाईंनी चष्मा पुसला, थोडी खळ शिजवली आणि बैठक मारली. दुपारच्या चहाच्या आत पट्ट्यांचा अख्खा कागद उभा राहिला, अर्थात दुसऱ्या पाठकोऱ्या कागदावर चिकटवून.

"बिचाऱ्याची अक्कलदाढ आडवी आली आहे," त्या म्हणाल्या. "काढायला सांगितलीय. हा टाळतोय."

"तुम्ही लोकांचं वाचत नाही ना?"

"तू जुळवायला सांगितलंस म्हणून वाचलं."

दुसऱ्या पिशवीला दुसरा दिवस उजाडला. त्यातून दाताच्या डॉक्टरांचं नाव आणि अर्धा फोन नंबर निघाला. तिसरी पिशवी सासूबाईंनी उघडली, चिमूटभर चुरा तळव्यावर घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यात काही राम नाही. उशीत भरा फार तर."

बाई तशाच उठल्या आणि चुऱ्याचं मशीन घेऊन आल्या. निघताना मशीनवाल्याला म्हणाल्या, "दाढ लवकर काढून घ्या." त्याने सुजलेला गाल हाताने झाकला.

मग त्यांनी किराणावाल्यांना लांबलचक मेसेज लिहिला. माफी मागितली, मशीन घेतल्याचं सांगितलं, एकदा येऊन फक्त बघून जा म्हणाल्या. गुरुवारी ठरल्या वेळी ते आले. खुर्चीत बसले नाहीत. मशीनभोवती फिरले, वॉरंटी विचारली, फार तापतं का ते विचारलं. व्यापारी माणूस, दुःखातही माल बघून घेणार.

"तुमचं खाजगी बाहेर गेलं," बाई म्हणाल्या. "दुकानात कुणाकुणाच्या हाती तो कागद पडला असेल, ह्या विचाराने मला..."

"माझं काय खाजगी, मॅडम? भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानातच तांदळाच्या गोणीवर बसून ढसाढसा रडलो. निम्म्या गिऱ्हाइकांनी बघितलंय. त्याचं काही नाही."

"मग?"

त्यांनी खिशातून यादीच्या कागदाची घडी काढली आणि उलगडून टेबलावर ठेवली. समासात बाईंच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: आजही भावाचंच. तेच ते. जांभई आवरली.

 अशा वेळी बोलायची वाक्यं बाईंनी शिकून ठेवली होती. त्यातलं एकही पुढे यायला तयार होईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

किराणावाल्यांनी कागद उचलला आणि स्वतःच मशीनमध्ये सोडला. मशीन घुरघुरलं आणि थांबलं. त्यांनी वाकून डब्यात बघितलं.

"छान बारीक होतं," ते म्हणाले. "पण मला तोंडपाठ आहे ते." आणि दाराकडे वळले.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "फार चुकलं. जाऊ नका. बसा. भावाचं सांगा."

"तेच आहे, मॅडम. नवीन काही नाही."

"तेच सांगा."

ते दारातून मागे वळले. मग येऊन खुर्चीच्या कडेवर टेकले. बाईंनी पेन उचललं नाही.

"तो माल देताना काट्यावर मूठभर जास्तच टाकायचा," ते हळूहळू बोलू लागले. "मी ओरडायचो त्याच्यावर. हे सांगितलंय मी आधी."

"हो."

"तो म्हणायचा, असू दे रे, माणूस परत येतो."

ते बोलत राहिले. बोलताना ते बाईंच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. तोंडाकडे बघत होते.