बिनतेलाची ज्योत

"नारळ डावीकडं ठेवा, चपला बाहेर ठेवा, आणि शंका घरी ठेवून या!" तेजोनाथ महाराज गर्दीला बजावत होते.

गर्दी दांडगी होती. १९८७ सालचा आषाढ. तळवलीच्या वर, डोंगराला टेकलेल्या पंचवीस घरांच्या पाड्यावर खालच्या गावांतूनही माणसं चिखल तुडवत आली होती. खाली ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने झगमगायचे, पण पाड्यावर विजेचा खांबसुद्धा पोचला नव्हता. आणि इथं, महाराजांच्या मठीत, मातीच्या कमळात एक तांबूस ज्योत रात्रंदिवस जळत होती. तेल नाही, वात नाही, धूर नाही.

"बारा वर्षं मी सूर्य प्यालोय," महाराज म्हणाले. "सकाळी कोवळा, दुपारी कडक. तोच आता पाझरतोय!"

"बलब हाय का काय तो?" मागून कुणीतरी विचारलं.

"असू दे की! पण बाळा, वायर कुठाय?"

वायर खरंच दिसत नव्हती. माणसांनी हात जोडले.

जयमाला नर्स दारातून पाहत होती. मठीपासून वीस पावलांवर तिचं आरोग्य उपकेंद्र होतं: एक खोली, एक खाट. कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं करून ती वैतागली होती. म्हणून मुंबईच्या एका संस्थेच्या मागं लागून तिनं वैशाखात छपरावर सूर्याच्या उन्हावर वीज करणारं पॅनेल बसवून घेतलं होतं. बसवायला आलेला पनवेलचा इलेक्ट्रिशियन झहूर पहिला दिवसभर नुसते प्रश्नच विचारत बसला. दिवे किती? रोज किती तास? पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा बॅटरीनं किती दिवस तग धरायचा? मग आंब्याची सावली कुठवर सरकते ते त्यानं खडूनं आखलं, पॅनेलचं तोंड दक्षिणेला केलं आणि जाताना म्हणाला, "सिस्टर, दोन दिवे, चार तास. चार दिवस सूर्य नाय दिसला तरी चालतील. टेन्शन नाय."

महाराज त्यानंतर महिन्याभरानं आले. आल्या आल्या त्यांनी उपकेंद्राच्या ओसरीवरच्या बॅटरीच्या पेटीला भगवं कापड गुंडाळलं. "ही सूर्याची पेटी. बाईमाणसानं शिवायची नाही!" जयमालाला हसू आलं. उगाच वाद कशाला, म्हणून ती गप्प राहिली.

श्रावणात पावसानं झड धरली. दुसऱ्याच संध्याकाळी उपकेंद्राचे दिवे मिणमिणले आणि गेले. मठीतली ज्योतही विडीच्या टोकाएवढी उरली. महाराजांनी डोळे मिटले, एक किलकिला करून माणसं मोजली, पुन्हा मिटला.

"विटाळ झालाय! पोटुशी बाई कोण आली होती ज्योतीपुढं?"

पाड्यावरच्या केशरबाईची गरोदर सून मीना आली होती. पहिलं बाळ दगावलेलं, या खेपेला तरी नीट होऊ दे म्हणून ती पाया पडून गेली होती. महाराजांनी फर्मावलं, बाळंत होईपर्यंत तिनं पाड्याबाहेरच्या गोठ्यात राहायचं. उपकेंद्राची पायरी चढायची नाही.

जयमाला तडक केशरबाईकडं गेली. "अहो, तिच्या पायांना सूज आहे, रक्तदाब चढलाय. तिला माझ्या नजरेसमोर राहू द्या."

"माजं काय मन तुटत नाय, बाय?" केशरबाई म्हणाली. "पन ज्योत कोपली तं आख्खा पाडा मलाच बोल लावंल. पयला नातू गेला, आता ह्यो..." त्याच संध्याकाळी तिनं मीनाला गोठ्यात नेऊन सोडलं.

त्या रात्री जयमाला स्वतःवरच चिडली. झहूर चार दिवस म्हणाला होता, दिवे तर दुसऱ्याच दिवशी गेले. मग उरलेली वीज खाल्ली कुणी? सकाळी तिनं पनवेलला निरोप धाडला.

झहूर आला त्या दिवशी नेमकं ऊन पडलं होतं. ज्योत पुन्हा उजळली होती आणि महाराज गर्जत होते, "बघा! विटाळ बाहेर गेला, तेज परत आलं!"

इकडं झहूरनं पेटीवरचं भगवं कापड उचललं. "सिस्टर, ही वायर माझी," तो म्हणाला. "आणि ही मात्र माझी नाय." दुसरी वायर पेटीच्या मागून जमिनीत शिरत होती.

संध्याकाळच्या आरतीला जयमाला मठीत गेली. झहूर घंटेकडं कान लावून पेटीपाशी थांबला.

"महाराज, ज्योत तुमच्या तपावर जळते ना?"

"अर्थात!"

"मग मी घंटा वाजवते. तुम्ही ती विझू देऊ नका."

तिनं घंटा वाजवली. ज्योत गेली. दुसऱ्यांदा वाजवली, ज्योत आली.

"नास्तिकाची दृष्ट!" महाराज ओरडले.

"मी नको तर. केशरबाई, तुम्ही वाजवा. तुम्ही तर भाविक."

केशरबाईनं टोला दिला. ज्योत गेली. आणखी एक टोला. आली. तिनं महाराजांकडं पाहिलं, घंटेकडं पाहिलं.

"आगं बाय! मी बी सूर्य प्याले का काय?"

पहिल्यांदाच मठीत हशा पिकला. तेवढ्यात झहूर चिखलातून वायर उपसत, ओढत थेट आत आला. शेवटच्या हिसक्याला मातीचं कमळ कलंडलं आणि त्यातून स्कूटरच्या मागच्या दिव्याचा लाल बल्ब लोंबला.

"ही... ही सूर्यनाडी आहे," महाराज पुटपुटले.

"नाडी नाय, चोरी हाय," झहूर म्हणाला. "बल्ब छोटाच, पण रात्रंदिवस चालू. पावसाळ्यात ऊन आधीच कमी. रोज भरतं त्यापेक्षा जास्त उपसलं, बॅटरी रिकामी झाली. त्यात त्या पोरीचा काय दोष?"

केशरबाई तशीच उठली, गोठ्यात गेली आणि मीनाला हाताला धरून उपकेंद्रात घेऊन आली. महाराज उजाडायच्या आत डोंगर उतरले.

पंधरा दिवसांनी, भर पावसात, दोन्ही दिव्यांच्या उजेडात मीनाला मुलगी झाली. पाड्यावरच्या बाया बघायला जमल्या, तेव्हा जयमाला म्हणाली, "चूक माझीही झाली. कापड घातलं त्याच दिवशी मी विचारायला हवं होतं. वाद नको म्हणून गप्प बसले, आणि ही पोर गोठ्यात गेली. बायांनो, कुणीही काही सांगू दे, महाराज असो, डॉक्टर असो की मी. कसं होतं, का होतं, ते विचारा. समोरचा रागावला तरी विचारा. जे खरं असतं, ते विचारल्यानं विझत नाही."

केशरबाई नातीला मांडीवर घेऊन ऐकत होती.

"मंग मी इचारतंय," ती म्हणाली. "पोरीला मधाचं बोट चाटवू नको म्हनतेस, ते कशापायी?"

जयमाला हसली, खाटेच्या कडेवर टेकली आणि सांगू लागली.