रिकामा तवा

पोहा पडला तेव्हा मी पेपर वाचत होतो आणि खरं सांगायचं तर त्याच्याच नावाने बोटं मोडत होतो. सकाळपासून शिट्ट्या मारून त्याने डोकं उठवलं होतं. मग एक शिट्टी मध्येच तुटली आणि पिंजऱ्यात काहीतरी धप्पकन पडलं.

पोहा म्हणजे माझ्या नातीचा, कृतिकाचा, कॉकटील पक्षी. पोपटाच्याच जातीतला, मुठीत मावेल एवढा, डोक्यावर तुरा आणि गालांवर नारिंगी ठिपके. रंग पिवळा म्हणून नाव पोहा. ‘अगं, पोहे म्हणतात मराठीत,’ असं मी शंभरदा सांगितलं, पण दिल्लीत वाढलेली पोर ती, ऐकते थोडीच.

मी वर पाहिलं तर पोहा पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले आणि प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर होत होती. पक्ष्याचा श्वास असा डोळ्यांना दिसू नये एवढं मलाही कळतं.

“कृतिका!”

हवा वाईट म्हणून तिची शाळा बंद होती आणि आतल्या खोलीत तिचा ऑनलाइन क्लास चालला होता. ती कानातले हेडफोन ओढत आली, तिने पिंजऱ्याकडे पाहिलं आणि किंचाळली. तशी किंचाळी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

घर बंद होतं, अगदी डबाबंद. नोव्हेंबरात गुरुग्रामला हवा म्हणून जे काही असतं ते आत येऊ नये यासाठी माझ्या मुलाने, विक्रांतने, सगळ्या खिडक्यांच्या फटींना टेप लावली होती. बाल्कनीच्या दाराखाली टॉवेल खुपसला होता. कोपऱ्यात हवा गाळायचं यंत्र घरघरत होतं. हे सगळं निम्मं आमच्यासाठी आणि निम्मं पोह्यासाठी, कारण पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात असं कृतिकाने बापाला बजावलं होतं.

मी पिंजऱ्यात हात घातला. एरवी बोट दाखवलं तरी चावणारा तो पक्षी मुकाट्याने माझ्या हातात आला, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“आजोबा, छाती नका दाबू! प्लीज! चेस्ट दाबली तर तो ब्रीद नाही करू शकत!”

मी बोटं सैल केली. हातात गरम कापसाचा बोळा असावा आणि त्याच्या आत कुणीतरी दार ठोठावत असावं, तसं लागत होतं.

तेवढ्यात कल्पना, माझी बायको, बेडरूममधून धावत आली. हातात मोबाईल, आणि त्यात पुण्याची तिची बहीण अजून ‘हॅलो, हॅलो’ करत होती. पोहा नातीचा असला तरी दिवसभर असायचा कल्पनाच्याच खांद्यावर. ती भाजी निवडायला बसली की हा तिच्या केसांतली पिन उपसायचा. मी कधी तिची पिन हलवली असती तर केवढं ऐकावं लागलं असतं.

“अगं बाई, घशात दाणा अडकला असणार! पाणी पाजा त्याला, चमच्याने पाजा!”

“नाही आज्जी, पाणी नाही! डॉक्टरला फोन करू दे!” कृतिकाने फ्रिजवर चिकटवलेला नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोर धरला. कल्पना खोकं आणि शाल आणायला आत गेली.

डॉक्टर अंशुमन पक्ष्यांचे डॉक्टर. माणूस शांत होता, पण प्रश्न भराभर विचारत होता.

“घर में कुछ जल रहा है? अगरबत्ती, कॉइल, कोई स्प्रे?”

“नहीं जी, कुछ नहीं.”

“किचन देखिए. पंछी को साथ मत ले जाइए. गैस पर कोई नॉन-स्टिक बर्तन तो नहीं है?”

मी पोह्याला कृतिकाच्या ओंजळीत दिलं, फोन घेतला आणि स्वयंपाकघरात गेलो.

ओट्यावर धिरड्यांचं पीठ झाकून ठेवलेलं होतं. शेजारी कांदा, कोथिंबीर, तेलाची वाटी. शेगडीवर सुनेचा काळा गुळगुळीत तवा, रिकामा, आणि खाली ज्योत पूर्ण मोठी. धूर असा नव्हताच. तव्यावरची हवा तेवढी हलत होती आणि नवी बॅग उघडल्यावर येतो तसा बारीकसा वास होता. नाक मुद्दाम खुपसलं नसतं तर कळलाही नसता.

हे कुणाचं काम ते मला लगेच कळलं.

करोल बागेतल्या आमच्या घरी बिडाचा तवा होता, एका हाताने उचलायचा नाही असा जड. कल्पना तो रिकामा चढवायची, ज्योत मोठी करायची आणि दुसऱ्या कामाला लागायची. सावकाश परत यायची, पाण्याचा शिंतोडा मारायची, आणि थेंब नाचले की पहिलं धिरडं पडायचं. तवा तापल्याशिवाय धिरडं सुटत नाही, हे तिचं ब्रह्मवाक्य. निवृत्त होऊन आम्ही मुलाकडे राहायला आलो तेव्हा तो तवा तिथेच माळ्यावर राहिला, कारण इथल्या काचेच्या शेगडीला त्याचे ओरखडे पडले असते. तवा बदलला. हाताची सवय कोण बदलणार?

मी बटण फिरवलं तर ज्योत आणखी मोठी झाली. ते उलट्या बाजूला फिरवायचं असतं हे मला माहीत नव्हतं. जन्मात कधी गॅसला हात लावला असेल तर ना! दुसऱ्या खेपेला ती विझली.

“है,” मी फोनवर म्हणालो. “नॉन-स्टिक. खाली तवा.”

डॉक्टर म्हणाले, “उसी का धुआँ है. दिखता नहीं है, पर पंछी के लिए ज़हर है. अभी के अभी खुली हवा में ले जाइए.”

“बाहर? बाहर की हवा आपने देखी है?”

“अंकल, बाहर की हवा गंदी है. अंदर की उसे मार देगी. खिड़कियाँ खोलिए और निकलिए. यहाँ ऑक्सिजन है. कुछ खिलाना-पिलाना नहीं.”

मी वळलो तर दारात कल्पना उभी होती. काखेत बुटाचं खोकं, खांद्यावर शाल. स्पीकरवरचं तिने किती ऐकलं होतं ते कळायला मार्ग नव्हता.

“गॅस बंद केलात होय? बरं केलंत, तवा तापून गेला असेल,” ती म्हणाली. इतक्या सरळपणे म्हणाली की मला तिच्याकडे बघवेना.

मी बाल्कनीकडे धावलो. टॉवेल लाथेने बाजूला केला आणि टेप ओरबाडली. ती विक्रांतने लावलेली, म्हणजे निघणार कशाला! नखं तुटली. मागून कल्पना ओरडत होती, “अहो, वेड लागलं का? ती हवा बघा बाहेरची! मरेल तो!”

“तू गप्प बस!” मी खेकसलो. एवढ्या वर्षांत इतका मोठा आवाज मी तिच्यावर काढला नव्हता, आणि का काढला हे सांगायचीही सोय नव्हती.

दार उघडलं. समोरची बिल्डिंग धुरक्यात पुसटशी दिसत होती. घशात खवखवणारी ती घाण, थंडगार हवा आत आली आणि आम्ही तिघं त्या पक्ष्याला घेऊन तिच्यात जाऊन उभे राहिलो. पोह्याची चोच उघडीच होती. श्वास घेताना आता टिक् टिक् असा आवाज येत होता.

कॅब काही मिळेना. विक्रांत मानेसरच्या कारखान्यात, तिथे फोन गेटवर जमा करावा लागतो. मयुराला, सुनेला, फोन लागला. ती नोएडाच्या ऑफिसातून निघते म्हणाली, पण नोएडाहून येईपर्यंत इथे काय होईल ते देवालाच ठाऊक. शेवटी आमच्या सोसायटीच्या गेटवर एक ऑटो मिळाली. खोकं कृतिकाच्या मांडीवर, खोक्यावर शाल, आणि ती झाकणाला पाडलेल्या भोकाला कान लावून बसलेली.

“आहे,” ती म्हणायची. थोड्या वेळाने पुन्हा, “आहे.” मध्ये एकदा ती काहीच बोलली नाही. सिग्नल लाल होता. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. कल्पनाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मग टिक् असा आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला.

“दाणाच अडकला असेल ना हो?” कल्पनाने हळूच विचारलं. “की मी सकाळी काकडी दिली, ती बाधली?”

मी रस्त्याकडे बघत राहिलो. मला पोह्याची भीती वाटत होतीच, पण आता हिचीही वाटायला लागली. कुणाच्या ताटात मीठ जास्त पडलं तर दोन दिवस मनाला लावून घेणारी बाई. हिला कळलं तर ही पुन्हा चुलीपाशी उभी राहायची नाही. आणि कृतिका? पोर आज्जीकडे कुठल्या डोळ्यांनी बघेल? मी तिथेच ठरवून टाकलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी खोकं हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. आत काचेची पेटी होती, तिला नळी लावलेली. पोह्याला त्यात ठेवलं. तो पेटीच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसला. तुरा चपटा झाला होता. इतका लहान तो मला कधीच दिसला नव्हता.

डॉक्टर आमच्याकडे वळले. “बर्तन किसने चढ़ाया था?”

“मैंने,” मी म्हणालो.

कृतिकाने मान वर केली. “आजोबा? तुम्ही? तुम्हाला तर गॅसच लावता येत नाही.”

“आज लावला,” मी म्हणालो. “चहा करायचा होता.”

“तव्यावर?”

डॉक्टरांना आमच्या घरगुती भानगडीत रस नव्हता. “कितनी देर खाली जला? आँच कितनी थी? कोटिंग पुरानी थी, उखड़ी हुई थी? पंछी कितनी दूर था? अंकल, ठीक-ठीक बताइए. मुझे उसी हिसाब से दवा देनी है.”

मी तोंड उघडलं, पण सांगणार काय? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. “थोड़ी देर,” मी म्हणालो. “शायद... थोड़ी ही देर.”

“थोड़ी मतलब?”

पेटीत पोह्याने मान एकदा मागे टाकली.

“ते खोटं बोलतायत.” कल्पना पुढे आली. हिंदीत बोलायचं असतं हेही ती विसरली होती, मग तिचं तिलाच आठवलं. “तवा मैंने रखा था. पूरी आँच पर. मैं बहन से फोन पर बात करने बैठ गई, उसके लड़के की शादी की बात निकली, तो बहुत देर हो गई. पंधरा-बीस मिनट, ज़्यादा भी होगा. कोटिंग बीच में से निकली हुई है. पिंजरा किचन के दरवाज़े के पास था, मैंने ही सरकाया था. उसको मेरे पास अच्छा लगता है इसलिए.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते आत गेले. इंजेक्शन बदला, असं काहीतरी त्यांनी मदतनीस बाईंना सांगितलेलं ऐकू आलं.

आम्ही बाकावर बसलो. कल्पना एका टोकाला, कृतिका दुसऱ्या टोकाला, मध्ये मी. माझं खोटं त्या पक्ष्याच्या जिवावर उठलं असतं. तिला वाचवायला निघालो होतो मी, मोठा शहाणा!

“तुम्ही गॅस बंद केलात तेव्हाच मला कळलं,” कल्पना समोर बघत म्हणाली. “पण म्हटलं, दाणा असू दे. देवा, दाणाच असू दे.”

कृतिका उठली. आता ही काय बोलते म्हणून माझा जीव टांगणीला लागला. ती आज्जीसमोर जाऊन उभी राहिली, रडून रडून नाक लाल झालेलं.

“आज्जी,” ती म्हणाली, “तू श्वास घे ना. तू कधीपासून घेतलाच नाहीयेस.”

तेव्हा कुठे कल्पना रडली.

पोहा जगला. काही दिवस त्याला तिथेच ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहे, असे पक्षी बहुतेक वाचत नाहीत. तो काठीवर बसतो, बाजरी खातो, माझं बोट चावतो. शिट्टी मात्र अजून मारत नाही. मला त्या शिट्टीची आठवण येते, हे मी कुणापाशी बोललेलो नाही.

कल्पना स्वयंपाकघरात जाईना. मयुराने सगळी नॉन-स्टिक भांडी घराबाहेर काढली, सासूला काही म्हणून बोलली नाही, तरीही जाईना. शेवटी मी करोल बागेला जाऊन माळ्यावरून बिडाचा तवा काढला आणि मेट्रोने घेऊन आलो. तपासणीला गार्डने पिशवी अडवली. “अंकल, ये क्या है?” “तवा है भाई, लोहे का. इससे कोई नहीं मरता.” तो माझ्याकडे बघतच राहिला.

मी तो शेगडीवर ठेवला आणि लायटर घेऊन खटखट करत बसलो. बराच वेळ. तेव्हा ती उठून आली, माझ्या हातातून लायटर घेतला आणि म्हणाली, “सरका.” काचेवर ओरखडे पडले, पडू देत.

आता आमच्याकडे धिरडी होतात ती अशी: पोह्याचा पिंजरा सगळ्यात आतल्या खोलीत, दार बंद, घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आणि आम्ही स्वेटर-मफलर घालून टेबलाशी. तवा तापेपर्यंत कल्पना तिथून हलत नाही. पण एक धिरडं टाकलं की हात पुसते, आतल्या खोलीत जाते, दार किलकिलं करून पोह्याची छाती हलतेय का ते बघते आणि परत येते. प्रत्येक धिरड्याला. तोवर ते खालून करपतं.

आम्ही करपलेली धिरडी खातो.