अकरा पायऱ्यांच्या तीन

दालनात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर टेकले, आणि पडद्यावर आकडा उमटताच टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरची चिठ्ठी वाचून औषध मंजूर करायला कंपनीच्या एआय एजंटांना, म्हणजे माणसाशिवाय काम उरकणाऱ्या संगणक-प्रणालींना, आजवर अकरा पायऱ्या आणि चार मिनिटं लागत. नवं साधन जोडलं आणि तेच काम तीन पायऱ्यांत, नऊ सेकंदांत झालं!

"पायरी म्हणजे अडथळा!" साधनाचे जनक हात पसरून म्हणाले. "आमचं साधन महिनाभर एजंटांकडे नुसतं बघतं. मग निरुपयोगी असेल ते आपोआप गळून पडतं. कसं, ते विचारू नका. अनुभव घ्या!"

"घ्या अंगारा," मागच्या रांगेत काका पुटपुटले. काका म्हणजे कंपनीतले एकुलते एक फार्मसिस्ट. तीस वर्षं रुग्णालयाच्या खिडकीमागे औषधं देऊन ते इथे आले होते. जनकांना 'बुवा' हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईला हसू आलं नाही. साधनाची माहितीपुस्तिका तिला लिहायची होती, आणि 'कसं ते विचारू नका' असं पुस्तिकेत लिहिता येत नाही.

ती बुवांकडे तीनदा गेली. "सर, आठ पायऱ्या गळाल्या त्या कुठल्या?"

"बाई, गाडी चालवणारा इंजिन उघडून बघतो का?"

"तो नाही बघत. पण गाडीची पुस्तिका लिहिणारीला बघावं लागतं."

"तुम्ही फार खोलात शिरता," बुवा प्रेमाने म्हणाले. "विश्वास ठेवा, विश्वास!"

शेवटी तिने साधनाच्या नोंदी स्वतःच काढल्या, काकांना शेजारी बसवलं आणि आठवडाभर एकेक ओळ वाचून काढली. गुपित अगदीच सामान्य निघालं. साधन एकच गोष्ट मोजत होतं: अमुक पायरीमुळे निकाल किती वेळा बदलतो? क्वचितच बदलत असेल, तर पायरी बाद.

"हे बघा काका." तिचं बोट पडद्यावर थांबलं. "दोन औषधं एकमेकांना मारक आहेत का, ही तपासणी. दोन हजार चिठ्ठ्यांत चारदाच काही सापडलं, म्हणून काढून टाकलीय."

काकांनी चष्मा काढला. "चारदाच म्हणजे चार माणसं गं."

मग तिने खोट्या रुग्णाची चिठ्ठी बनवली. एक रक्त पातळ करणारी गोळी, आणि तिच्या जोडीला कधी देऊ नये असं जालीम वेदनाशामक. नवव्या सेकंदाला उत्तर आलं: 'मंजूर. सर्व तपासण्या पूर्ण.'

"अगं, पण तपासलं कुणी?"

"कुणीच नाही. ते वाक्य आधीपासून उत्तराच्या ठरलेल्या साच्यातच घातलेलं आहे. तपासणी गेली, वाक्य तेवढं राहिलं."

हे सगळं तिने त्याच दालनात, त्याच पडद्यावर करून दाखवलं. आता तरी हे थांबेल, असं क्षणभर तिला वाटलं.

"उत्तम निरीक्षण!" बुवा जराही न डगमगता म्हणाले. "पुस्तिकेत टीप म्हणून घेऊन टाकू."

"अहो, टीप कसली? ती एक पायरी परत घाला!" काका उभे राहिले.

"मग नऊ सेकंद राहणार नाहीत," कंपनीचे मोठे साहेब म्हणाले. "सोमवारी सात रुग्णालयांत सुरू होतंय." आणि ते पुढच्या विषयाकडे वळले. बाहेर पडताना दोघा-तिघांनी तिच्या कानाशी येऊन "तुमचं बरोबर आहे हो" म्हटलं. कळत होतं सगळ्यांना, वळत कुणालाच नव्हतं.

तिने इशारा पहिल्याच पानावर ठळक चौकटीत घातला. सोमवारी पुस्तिका प्रसिद्ध झाली, तेव्हा चौकट जागेवर नव्हती. छापण्याआधी पुस्तिकाही त्याच साधनातून गेली होती. नोंदीत कारण दिलं होतं: बहुतेक वाचक अशा चौकटीपाशी थांबत नाहीत. निरुपयोगी.

मग तिने आणि काकांनी स्वतःच्या सहीने सातही रुग्णालयांना पत्रं पाठवली. एका मुख्य परिचारिकेचं उत्तर आलं, "आम्ही पूर्वीसारखं हाताने तपासतोय." बाकी सहा जागी सामसूम. पंधरा दिवसांत दोघांनाही घरी बसवण्यात आलं.

सहाव्या आठवड्यात दुपारी तिला अनोळखी फोन आला. त्या सहांपैकी एका रुग्णालयातली कारकून बोलत होती. पोटात रक्तस्राव होऊन एक आजी गेल्या होत्या. ज्यांच्याबद्दल पत्रात लिहिलं होतं, तीच दोन औषधं. "तुमचं पत्र आज उघडलं हो," एवढं म्हणून ती रडायला लागली.

तो फोन ठेवून बाईने काकांना फोन लावला आणि आजींचं सांगितलं.

यात जादू नव्हती, करणीही नव्हती. एक साधी मोजणी होती, आणि तिचा अर्थ विचारायला कुणी तयार नव्हतं. म्हणून वाचकहो, तुमच्यासमोर कुणी असं नवल करून दाखवलं, तर एवढंच विचारा: कालपर्यंत हे कोण बघत होतं, आणि आजपासून कोण बघणार? उत्तर मिळत नसेल तर पुन्हा विचारा. लोक वेड्यात काढतील. तरी विचारा.