अर्धी साक्ष

दर बुधवारी सहाच्या ठोक्याला चष्मेवाले दुकानाचं शटर ओढायचे आणि दोन गल्ल्या पलीकडे बाईंच्या घरी संगतीला जायचे. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. संगती म्हणजे तरी काय, आठ-नऊ माणसं, बाईंच्या बैठकीत भिंतीला लावलेल्या खुर्च्या, एक-दोन गीतं, शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला उतारा, प्रार्थना आणि शेवटी चहा. पाळक नाही, दारावर पाटी नाही. ज्याला बोलता येतं त्याने बोलावं, आणि बोलता यायचं ते फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला. पाण्यावर लोखंड तरंगल्याची गोष्ट त्याने सांगितली की ऐकणाऱ्याच्या हाताला ते ओलं लोखंड लागायचं.

चष्मेवाल्यांना या घरी आणलं ते त्यांच्या बायकोने. दुकानात ते डोळे तपासायचे, ती काचा घासायची. तिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी प्रार्थना केली होती. ऑपरेशन झालं, सहा महिने औषधं झाली, केस गेले, परत आले. रिपोर्ट चांगला आला त्या बुधवारी तिने उभं राहून देवाने बरं केल्याची साक्ष दिली. बोलता बोलता ती हसत होती, आणि बाई पदराला नाक पुसत होत्या.

दीड वर्षाने दुखणं यकृतात उगवलं. सुरुवातीला सगळे येत. मग एकेक जण गळत गेला. मेकॅनिक शेवटचा आला तेव्हा दारातच म्हणाला, "शंकेला थारा देऊ नका, भाऊ," आणि आत न येताच गेला. अखेरपर्यंत टिकल्या त्या बाई. शेवटचे तीन आठवडे त्यांनीच तिला अंघोळ घातली. फेब्रुवारीत ती प्रभूमध्ये निजली. दफनाला सगळे आले, आणि गायलेही छान.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी संगतीत नवी बाई आली. पोस्टात काउंटरवर बसणारी, पन्नाशीची. मांडीवर कॅन्सरच्या इस्पितळाची फाइल होती आणि तिच्यावर दोन्ही हात. काय झालंय ते तिला सांगावं लागलंच नाही. मेकॅनिकने फाइलीकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"ताई, आमच्यातल्याच एका बहिणीची साक्ष सांगतो," तो म्हणाला. "छातीत लिंबाएवढी गाठ. डॉक्टरांनी हात टेकले होते."

डॉक्टरांनी हात टेकले नव्हते. चार तास ऑपरेशन केलं होतं. चष्मेवाले ऐकत राहिले.

"याच खोलीत आम्ही प्रार्थना केली. आणि पुढच्या तपासणीत? गाठ नाही. रिपोर्ट कोरा."

"प्रभूची स्तुती असो," दोघं-तिघं म्हणाले.

पोस्टातल्या बाईचा चेहरा उजळला. तिने खोलीभर नजर फिरवली. "त्या ताई आज आल्या नाहीत का?"

बाई चहा टाकायला उठल्या. मेकॅनिक शास्त्राची पानं चाळू लागला.

"ती माझी बायको," चष्मेवाले म्हणाले. "ती वारली. फेब्रुवारीत. तोच आजार."

"भाऊ, तो वेगळा विषय आहे."

"वेगळा कसा? बाई तीच."

"देवाने आपलं काम पुरं केलं होतं," मेकॅनिक शांतपणे म्हणाला. "पुढे घरात कुठून शंका शिरली असेल, तर तिथे आम्ही काय करणार?"

चष्मेवाल्यांना वाटलं, आता तरी कोणी बोलेल. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. बाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि कप मोजल्यासारखं केलं.

"तिचं ऑपरेशन झालं होतं, ताई," चष्मेवाले पोस्टातल्या बाईला म्हणाले. "म्हणून तरी दोन वर्षं मिळाली. तुम्ही उशीर करू नका." मग ते उठले आणि चहा न घेताच निघाले. मागे कोणीतरी गीत काढलं.

त्यानंतर विचारपूस करायला कोणी आलं नाही. बाईंचा एकदा फोन आला. "या ना तुम्ही. फक्त तो विषय नको." ते "बघतो" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी पोस्टातली बाई दुकानात आली. चष्म्याची काडी ढिली झाली होती. त्यांनी स्क्रू आवळून दिला, पण ती जाईना.

"ऑपरेशन?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी. तारीख आधीच घेतली होती. मी काही खुळी नाही." तिने चष्मा चढवला. "पण त्या दिवशी तुम्ही तोंड उघडलंत ते बरं नाही केलंत."

"खोटं सांगत होता तो."

"मला काय कळत नव्हतं? दिवसभर काउंटरवर लोकांची खरी दुखणी ऐकते मी. घटकाभर मला वाटलं होतं की एक बाई यातून बाहेर आली आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागली. ती तुम्ही मारलीत."

चष्मेवाल्यांनी स्क्रूड्रायव्हर खणात ठेवला.

"आणि एक विचारू?" ती म्हणाली. "ती गोष्ट त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा थोडीच सांगितली असेल. आधी का नाही बोललात?"

यावर त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते तिला देता येण्यासारखं नव्हतं. बायको गेल्यानंतर मेकॅनिकने ती साक्ष दोनदा सांगितली होती, आणि दोन्ही वेळा ते गप्प बसले होते. कारण त्या गोष्टीत ती बरी होत होती. कोऱ्या रिपोर्टापाशी गोष्ट थांबली की त्यांना घरी जायला बळ यायचं. 'आज आल्या नाहीत का' असं कोणी विचारलं नसतं, तर तिसऱ्यांदाही ते गप्प बसले असते. मेकॅनिकचा राग त्यांना आला होता तो खोटेपणाचा नव्हताच. घरात शंका शिरली म्हणाला, त्याचा होता. आणि शंका शिरली होती, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"सोमवारी नीट पार पडू दे," ते एवढंच म्हणाले.

"बुधवारी येऊ नका तुम्ही," ती म्हणाली. "मला तिथे जायचंय."

ते गेले नाहीत. बुधवारी आता दुकान आठपर्यंत उघडं असतं. गिऱ्हाईक नसलं तर ते रस्त्याकडे बघत काचा पुसत बसतात.

उन्हाळ्यात बाई वाचायचा चष्मा करायला आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या की पोस्टातली बरी आहे, परवा तिने उभं राहून साक्ष दिली, फार सुंदर बोलली.

"आणि हिची?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "हिची गोष्ट सांगतात का अजून?"

बाईंनी पर्स बंद केली.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून तिचं नावच कोणी काढत नाही."