डाव्या कोपरावर तीळ

या जगात एका माणसासारखा दुसरा माणूस नाही. हे वाक्य समाजशास्त्राचे सर गेली सत्तावीस वर्षं दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत आले होते. तेच वाक्य, तोच फळा, फळ्यावरची तीच जागा. एका वर्षी सुट्टीत फळा पुसायचा राहून गेला, तेव्हा सरांनी ते नुसतं पट्टीने दाखवलं होतं. फरक कुणाच्याही लक्षात आला नाही.

वाक्यामागचा विचार मात्र भारदस्त होता. खेड्यात माणसाला सगळेच ओळखतात, त्यामुळे वेगळं व्हायची त्याला गरज नसते; झालाच तर गाव त्याला सरळ करतं. शहरात रोज हजार चेहरे अंगावर येतात. त्यातला प्रत्येक चेहरा मनावर घ्यायचा म्हटलं तर माणूस दुपारपर्यंत वेडा होईल. म्हणून मन गेंड्याची कातडी पांघरून घेतं आणि कुणी कुणाकडे बघत नाही. आणि कुणी बघत नाही म्हणूनच प्रत्येकाला आपण वेगळे असल्याचं ओरडून सांगावं लागतं. मग कुणी मिशा वाढवतो, कुणी कुत्रा पाळतो, कुणी समाजशास्त्र शिकवतो.

अशा या सरांना आयुष्यात पहिल्यांदाच परगावच्या परिषदेचं बोलावणं आलं होतं. विषय होता 'शहर आणि माणसाचं वेगळेपण'. सत्तावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते घरी चालत आलं होतं. सरांनी अठरा पानांचं भाषण तयार केलं. त्यातली सतरा पानं फळ्यावरच्या त्या वाक्याचं स्पष्टीकरण होती आणि अठरावं पान म्हणजे संदर्भसूची. आरशासमोर चार वेळा वाचूनही झालं. परिषद शनिवारी होती आणि आत जायला अट एकच, चालू ओळखपत्र. सरांच्या ओळखपत्राची पंचवीस वर्षांची मुदत नेमकी त्या आठवड्यात संपली होती.

बुधवारी सर ओळखपत्राच्या कचेरीत रांगेला लागले. दीड तासाने खिडकी आली.

"डावं कोपर दाखवा," खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या.

"कोपर? ते कशाला?"

"जुन्या अर्जात नोंद आहे. ओळखीची खूण, डाव्या कोपरावर तीळ."

सरांनी बाही वर करून कोपर खिडकीत घातलं. बाईंनी पेन्सिलीने ते बाजूला सारलं. "हे नाही हो. डावं."

"हे डावंच आहे."

डावं-उजवं न कळणारी माणसं बाईंना दिवसातून एखाद-दुसरी भेटतच असणार. "बरं बाबा, तुम्ही म्हणता तर डावं. पण याच्यावर तीळ नाही."

"मला तीळ कधी नव्हताच!"

"मग ज्याला होता तो कुठे आहे?"

सरांनी मनातल्या मनात सगळं समाजशास्त्र चाळून पाहिलं. त्यात तीळवाल्याचा पत्ता नव्हता.

"मॅडम, मीच तो आहे."

"ते मी नाही ठरवायचं, तीळ ठरवतो. तीळवाल्या माणसाला पाठवा, त्याचं ओळखपत्र पाच मिनिटांत करून देते."

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिळपापड ओळखीच्या खुणेत धरत नाहीत. खूण बदलून घ्यायला वेगळा अर्ज होता आणि त्याला चालू ओळखपत्र जोडायचं होतं. दुसरा मार्ग साक्षीदाराचा. "तुम्हाला ओळखणारं कुणीतरी आणा," बाई म्हणाल्या. "घरचं नको. घरचे काय, कुणालाही आपलं म्हणतात."

घरी येऊन सरांनी बायकोला सगळं सांगितलं.

"अगं, इतक्या वर्षांत तुला माझ्या डाव्या कोपरावर कधी तीळ दिसलाय का?"

"डाव्या? छे. पण त्यात काय एवढं? माझी भुवयांची पेन्सिल आहे, एक टिंब काढून देते."

"वेगळेपण असं पेन्सिलीने काढता येत नाही."

"मग बसा घरी, वेगळे होऊन."

सरांनी हात पुढे केला. "लोक गालबोट लावतात," टिंब गडद करत ती म्हणाली, "आमच्या नशिबी कोपरबोट!"

गुरुवारी सर टिंब आणि साक्षीदार दोन्ही घेऊन गेले. टिंब पहिल्या झटक्यात बाद झालं. बाईंनी तिकिटं भिजवायचा स्पंज त्यावरून फिरवला आणि म्हणाल्या, "काल नव्हता, आज उगवला आणि आता मावळलाही."

साक्षीदार म्हणजे सरांच्या दारासमोरच्या दारातले चष्मेवाले. त्यांचं चौकात दुकान होतं आणि अकरा वर्षांचा शेजार होता. बाईंनी विचारलं, "यांना ओळखता का?"

चष्मेवाल्यांनी सरांना खालून वर आणि वरून खाली पाहिलं. मग त्यांनी चष्मा पुसला.

"खरं सांगू का सर, असं उघड्यावर नाही सांगता येत. मी तुम्हाला दाराच्या भिंगातून बघतो ना. त्यात तुमचं नाक चांगलं वांग्याएवढं दिसतं आणि पाय म्हणजे दोन काडेपेटीच्या काड्या."

"अहो, परवाच आपण जिन्यात बोललो! पाण्याच्या टाकीबद्दल!"

"बोललो असू. जिन्यात मी कुणाकडे बघत नाही."

तरी शेजारधर्म म्हणून त्यांनी एका कोऱ्या अर्जाची सुरळी केली, डोळ्याला लावली आणि सरांभोवती एक पूर्ण फेरी मारली. शेवटी सुरळी खाली घेऊन त्यांनी खेदाने मान हलवली. "मिळतेजुळते आहेत. पण आमचे सर गोल आहेत."

बाईंनी शेरा लिहिला, 'साक्षीदाराने ओळखले नाही.' काल सर सर असल्याबद्दल नुसती शंका होती. आज ते सर नसल्याचं सरकारदरबारी नोंदलं गेलं.

सर कचेरीबाहेर आले. पायरीजवळ छत्रीखाली घडीचं टेबल टाकून अर्ज लिहून देणारे म्हातारबुवा बसले होते. पंचवीस वर्षांपूर्वी याच टेबलावर सरांचा अर्ज लिहिला गेला होता. सर समोरच्या स्टुलावर कपाळाला हात लावून बसले आणि त्यांच्यावर बरसले.

"तुम्ही न बघता ठोकून देता हो! मऊ लागलं म्हणून कोपराने खणायचं? सगळ्या शहराच्या कोपरावर तुम्ही तीळ लावून ठेवले असतील!"

"न बघता मी अक्षर लिहीत नाही," म्हातारबुवा शांतपणे म्हणाले. "तेव्हाही तुम्ही असेच कपाळाला हात लावून बसला होतात. आता हलू नका. तो काय तीळ, डाव्या कोपरावर."

"हा माझा उजवा हात आहे!"

"तुमचा असेल. मी समोर बसतो. माझ्या बाजूने तो डावा."

सरांनी हात पिळवटून पाहिलं. कोपराच्या मागे, एरवी स्वतःला कधीच दिसणार नाही अशा जागी, तुरीच्या डाळीएवढा तीळ होता.

"म्हणजे तुम्ही आजवर सगळ्यांचं उलटंच लिहिलंत?"

"उलटं कसं? खिडकीतल्या बाईही समोरच बसतात. त्यांच्या डावीकडे येईल तो हात पुढे करायचा. सगळे तेच करतात, कुणाचं काही अडत नाही. तुम्ही शिकलेले. तुम्ही स्वतःच्या बाजूने बघितलंत."

सरांनी त्यांना कोपरापासून नमस्कार केला आणि तेच कोपर तसंच खिडकीत नेऊन दाखवलं. "हे काय, आहे की!" बाई म्हणाल्या. "कालपासून तुमच्यासारखाच एक जण येऊन डोकं खातोय." पाच मिनिटांत ओळखपत्र हातात आलं.

घरी सरांनी तीळ बायकोला दाखवला. ती म्हणाली, "मला लग्नापासून ठाऊक आहे तो. तुम्ही डाव्याचं विचारलंत."

शनिवारी सर परिषदेला पोचले. दारावर कुणीच नव्हतं. ओळखपत्र खिशातच राहिलं. वक्त्यांमध्ये सरांचा पाचवा नंबर होता. पहिले वक्ते उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "या जगात एका माणसासारखा दुसरा माणूस नाही." टाळ्या पडल्या. दुसरे वक्तेही तेच म्हणाले. तिसऱ्या बाईंनी 'या विश्वात' असं म्हटलं. चौथ्यांनी 'जगात'वर परत आणलं.

सर उठले तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. "सर, वेळ कमी आहे. ते वाक्य आणि त्याचं स्पष्टीकरण झालेलं आहे. आपण कृपया त्याच्या पुढून सुरू करा."

सरांनी संदर्भसूची वाचली.