एकोणीस वर्षं, वय सहा

कार्डावरच्या मुलीच्या डाव्या पायाला कॅलिपर आहे. त्याच्या गुडघ्याखालच्या चामडी पट्ट्याचं बक्कल बरोबर चार मिलिमीटर रुंद आहे. चित्रकर्ती ते सर्वांत बारीक ब्रशने, श्वास रोखून काढते. चारच्या वर गेलं तर पाय जखडल्यासारखा दिसतो. तीनच्या खाली गेलं तर कार्ड छापणाऱ्या संस्थेच्या चिटणीसबाईंना बक्कल दिसत नाही, आणि मग फोन येतो.

लहान मुलांच्या पायांवर उपचार करणाऱ्या या संस्थेसाठी ती दर वर्षी नाताळचं कार्ड करून देई. पहिलं तिने आपण होऊन दिलं होतं. तिची लेक तेव्हा सहा वर्षांची होती. संस्थेने तिच्या पायाचं ऑपरेशन करून दिलं होतं आणि उपकार फेडायला आईजवळ रंगांशिवाय काही नव्हतं. बर्फात उभी असलेली, हातात कंदील धरलेली, तोंडभर हसणारी मुलगी लोकांना इतकी आवडली की पुढच्या वर्षी संस्थेने तीच मागितली. त्याच्या पुढच्याही वर्षी. लेकीचं कॅलिपर आठव्या वर्षी निघालं. कार्डावरचं निघेना.

चित्रकर्तीने प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा तिने मुलीला पाठमोरी काढलं, तर चेहरा कुठे गेला अशी विचारणा झाली. एकदा गुडघाभर बर्फात उभं केलं, तर चिटणीसबाईंनी बर्फ घोट्यापर्यंत उतरवायला लावला. एकदा गुपचूप दोन वर्षांनी मोठी केली. नाक जरा जास्त झालंय, असा निरोप आला. कंदील गेला, कुत्रा आला, कुत्र्याच्या जागी मांजर आलं. मुलीचा मात्र एकोणीस वर्षांत एक दुधाचा दात पडला नाही. दर उन्हाळ्यात, कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद करून, घाम पुसत बर्फ रंगवताना ती ठरवायची की हे शेवटचं. चिटणीसबाई समोर आल्या की जुने दिवस आठवत आणि ती पुढच्या वर्षाचंही कबूल करून बसे.

यंदा चिटणीसबाई कच्चं चित्र बघायला रविवारी दुपारी घरीच आल्या. लेकही आलेली होती. "छकुले, बस गं, उभी नको राहूस," त्या म्हणाल्या. पंचवीस वर्षांची छकुली स्वयंपाकघरात गेली. चहाचं निमित्त करून आई तिच्या मागोमाग गेली.

लेक इमारतींच्या लिफ्ट तपासायचं काम करायची. बुधवारी काय झालं ते तिने आईला सांगितलं. ती एका इमारतीत गेली, तर तिथल्या व्यवस्थापकाच्या टेबलावर काचेखाली ते कार्ड. कार्डामागे संस्था दर वर्षी दोन ओळींची हकिकत छापते, मुलीच्या नावासकट. ओळखपत्रावर तेच नाव वाचून गृहस्थ गहिवरला. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मशीनच्या खोलीची शिडी काही तिला चढू देईना. वॉचमन वर जाईल, तो ओरडून सांगेल ते तिने खाली बसून लिहून घ्यावं, असं त्याने सुचवलं. ती तरीही चढली, तेव्हा त्याने तिच्या ऑफिसला फोन केला. तक्रार म्हणून नव्हे, कौतुक म्हणून. पायाचं साहेबांना तोवर ठाऊकच नव्हतं. त्यांनी तिला उद्यापासून कागदपत्रांच्या टेबलावर बसायला सांगितलं होतं. काळजीपोटी.

आई म्हणाली, मी भेटते तुझ्या साहेबांना.

"साहेबांना कशाला? बाहेर बसल्यात त्यांना सांग." लेकीने कपबश्या जरा आपटूनच मांडल्या. "चिटणीसबाई ऐकत नाहीत, चिटणीसबाई ऐकत नाहीत. तू त्यांना कधी सांगितलंयस तरी का? तू नुसता बर्फ वाढवून बघतेस."

आईने उपकारांचा विषय काढला.

"आहेतच उपकार. त्यांच्यामुळे मी चालते. मग चालताना काढायचंस ना." ती थांबली. "आणि खरं सांगू, आई? त्यांचं सोड. तुलाच ती जास्त आवडते."

चित्रकर्तीला संताप आला. उत्तर अगदी तोंडाशी आलं होतं. पण त्याला आधार म्हणून तिने मनातल्या मनात घरातली लेकीची चित्रं मोजली, आणि ती सगळी सहा वर्षांची निघाली. समोर उभ्या असलेल्या, मनगटावर ग्रीसचा डाग असलेल्या या बाईचं साधं रेखाटनही घरात नव्हतं. तिने चहा गाळला.

बाहेर चिटणीसबाई चष्मा लावून चित्रावर वाकल्या होत्या. लोक तिची वाट बघतात हो, त्या सांगू लागल्या, दोन देणगीदारांनी तर आत्ताच फोन करून विचारलं, यंदा स्वेटर कुठल्या रंगाचा. चित्र मंगळवारी प्रेसला जायला हवं. हसू तेवढं थोडं वाढवा.

चित्रकर्तीने ट्रे खाली ठेवला आणि चित्र उचलून आपल्याकडे घेतलं. आता दुरुस्ती होणार असं वाटून चिटणीसबाईंनी पेन्सिल पुढे केली. लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"पेन्सिल नको, बाई," चित्रकर्ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज साधाच निघाला. "मी हिला आता काढणार नाही. यंदाही नाही आणि पुढेही नाही. आणि कार्डामागचं ते नाव काढून टाका. ते माझ्या मुलीचं आहे, तिला ते कामाला लागतं."