बाजूला बांधलेली फांदी

पुण्याच्या एका निसर्गसंस्थेनं सुकन्याला महिनाभर देवराईत राहून प्रदर्शनासाठी फोटो काढायला बोलावलं, तेव्हा तिला आनंद वगैरे काही झाला नव्हता. वीस वर्षं जंगलं तुडवून ती कंटाळली होती. कॅमेरा उचलायचंही जिवावर यायचं. हाही महिना कोरडा गेला, तर कॅमेरा कपाटात टाकून गेवराईला आईकडे गप्प जाऊन राहायचं, हे तिनं ठरवूनच ठेवलं होतं. देवराई घाटनांदूरच्या अलीकडच्या डोंगरात, साती आसरांची, म्हणजे पाण्याच्या सात देवींची. झऱ्याकाठी शेंदूर लावलेले सात दगड आणि भोवती कित्येक पिढ्या कुऱ्हाड न लागलेली झाडं. राहायला पायथ्याशी पत्र्याची खोली. बीडच्या उन्हाळ्यात कलावंताला पत्र्याखाली ठेवणाऱ्या संस्थेबद्दल जास्त काय बोलायचं!

सव्वीस दिवस गेले. रोज साडेचारला उठायचं, दिवसभर फिरायचं आणि संध्याकाळी सगळे फोटो पुसून टाकायचे. फोटो वाईट नव्हते, पण तसले तिनं हजार वेळा काढले होते.

सत्ताविसाव्या दिवशी करंजाच्या झाडावर तिला नाचण पक्ष्याचं घरटं दिसलं. वाटीएवढं, कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं, आत तीन पिल्लं. वर पानांची दाट फांदी आलेली, त्यामुळे उजेड शिरत नव्हता. फोटोवाल्यांची यावर एक जुनी युक्ती आहे. फांदी तोडायची नाही, नुसती दोरीनं बाजूला बांधायची, काम झालं की सोडून द्यायची. म्हणजे मनाला टोचणी नाही. नवशिक्यांना यावरून सुकन्या फाडून खायची. त्या दिवशी तिनं स्वतः बांधली. साडेनऊचं ऊन घरट्यात उतरलं, आई किडा घेऊन आली, तीन चोची वर झाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं भान विसरून फोटो काढले.

फोटो मिळाला आणि इतक्या दिवसांचा शीण एकदम अंगावर आला. पाणीही संपलं होतं. खोलीवर येऊन पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून ती आडवी झाली, तोच डोळा लागला.

जाग आली तेव्हा तीन वाजले होते. तिनं आधी तो फोटो संस्थेतल्या राजनंदिनीला पाठवला. लगेच फोन आला. "सुकन्याताई, प्रदर्शनाच्या पोस्टरवर हाच. आजच छापायला देते."

किती दिवसांनी तिला भूक लागली. भाकरी मोडताना दोरी आठवली.

ती पळतच वर गेली. घरटं भर उन्हात होतं. तीन माना काठावरून लोंबत होत्या, आणि आई शेजारच्या डहाळीवर चोचीत किडा धरून बसली होती. सुकन्यानं दोरी सोडली. फांदी जागेवर गेली, सावली पडली.

झऱ्यापाशी मनकर्णाबाई दिवा घासत होत्या. सत्तरीच्या, शेळ्या वळणाऱ्या. आसरांची दिवाबत्ती त्यांच्याकडे.

"गावलं का माय काही आज?"

सुकन्यानं कॅमेरा पुढं केला. बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं.

"नाचणाची पिल्लं व्हय? पन्नास वर्षं येती मी हितं, कवाच पाह्यली न्हाईत."

"का?"

"झाकलेली असत्यात ना. लई गोजिरी हायती."

ते 'हायती' ऐकून सुकन्याला रडू फुटलं. रडत रडतच तिनं सगळं सांगितलं. मनकर्णाबाईंनी कॅमेरा परत दिला. समजूत काही घातली नाही.

"मला कशाला सांगती? हितली काडी मोडली तरी यात्रेत समद्यांपुढं उभं राहून सांगावं लागतं. माझी शेळी शिरलती एकदा, मीबी सांगितलंय."

"मग काय होतं?"

"काय व्हायचंय? लोक बघत्यात. त्येच लई जड जातं. पर यंदाची यात्रा झाली. आन् तुझी माणसं कुठं येत्यात हितल्या यात्रेला?"

सुकन्या बराच वेळ तिथंच बसली. तिची माणसं पुण्यात प्रदर्शनाला यायची होती. तिनं ज्यांना झापलं होतं तीसुद्धा. शेवटी तिनं फोटोखाली छापायची ओळ लिहून पाठवली: 'या फोटोसाठी मी सावलीची फांदी बांधली आणि सोडायला विसरले. त्याच दिवशी ही पिल्लं उन्हानं मेली.'

राजनंदिनीचा पुन्हा फोन आला. "ताई, फोटोत ती जिवंत आहेत. कोणाला कळणार आहे?"

"कोणालाच नाही."

"ही ओळ लागली तर तुम्हाला परत कुणी जंगलात पाय ठेवू देणार नाही."

"माहीत आहे. पोस्टर करू नकोस. नुसता भिंतीवर लाव, ओळीसकट. शेजारी मी उभी राहीन."



"प्रदर्शन चार दिवस आहे, ताई."

"चारही दिवस," सुकन्या म्हणाली.